बास गरवणारं कोणी आहे का इथे? (सामान, डाव, टुर्नामेंट, सगळं चालेल)

तंगूस

माशांवरचे धागे इथे रग्गड आहेत, पण सगळे तव्याशी येऊन थांबतात. पाण्यापाशी थांबणारा एखादा असावा म्हणून हा प्रपंच.

मी डॅलसच्या पूर्वेला राहतो. लहानपण मालवणात गेलं, त्यामुळे काठी-बिठी नसताना नुसत्या तंगुसानं (नायलॉनच्या दोरीनं) गरवायची सवय. इकडे आल्यावर लार्जमाउथ बासचं, म्हणजे गोड्या पाण्यातल्या मोठ्या तोंडाच्या शिकारी माशाचं, वेड लागलं. सबडिव्हिजनमागच्या तळ्यापासून लेक फोर्कसारख्या मोठ्या धरणापर्यंत टेक्ससात हा मासा सगळीकडे आहे. ओळखीतलं कोणी ना कोणी सारखं विचारतं, "सुरुवातीला काय घेऊ?" एकदाच सविस्तर लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक देता येईल.

सात फुटी, मीडियम पॉवरचा, फास्ट ॲक्शनचा स्पिनिंग रॉड घ्या. फास्ट म्हणजे फक्त शेंड्याकडून वाकणारा. त्यावर 2500 साइझचं रील. रीलवर 10 ते 15 पौंड ताकदीचा ब्रेड (विणलेली दोरी) आणि त्याच्यापुढे चार-पाच हात 8 पौंडी फ्लोरोकार्बनची दोरी. ब्रेड ताणला जात नाही, त्यामुळे पलीकडची टिचकीही हाताला कळते, पण स्वच्छ पाण्यात तो उठून दिसतो. फ्लोरोकार्बनमधून प्रकाश जवळजवळ पाण्याइतकाच वळतो, म्हणून माशाच्या बाजूला तो. मोनो, म्हणजे आपला तंगूस, ताणतो आणि सहजी बुडत नाही. पाण्यावरून चालवायच्या ल्यूरला (खोट्या आमिषाला) तो अजूनही उत्तम.

आमिष एकच घ्या: पाच इंची मऊ प्लॅस्टिकचा जाडसर गांडूळ, सेंको नावानं मिळतो. गरी डोक्यात नाही, बरोबर मध्यात. शिसं लावायचंच नाही. याला वॅकी रिग म्हणतात. फेकायचं आणि गप्प उभं राहायचं. दोन्ही टोकं थरथरत तो सावकाश खाली जातो आणि बास बहुतेक वेळा तो पडत असतानाच तोंडात घेतो. झटका बसायची वाट बघत राहिलात तर मासा चाखून, थुंकून मोकळा होतो. नजर दोरीवर हवी. दोरी पाण्यात शिरते त्या जागी ती आडवी सरकायला लागली, किंवा तळ यायच्या आधीच सैल पडली, की ढील गुंडाळा आणि ओढा. प्लॅस्टिक मध्यात लवकर फाटतं, म्हणून गांडुळाच्या कमरेला रबरी ओ-रिंग चढवून तिच्याखालून गरी घालतात.

गवत आणि बुडालेली झाडं असतील तिथे टेक्सस रिग. (लेक फोर्क भरताना बरीचशी झाडं तोडलीच नव्हती, अजून पाण्यात खांबासारखी उभी आहेत.) बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं शिसं दोरीत ओवायचं, त्यामागे वाकड्या मानेची गरी, आणि गरीचं टोक परत गांडुळाच्या अंगात लपवायचं. मग खुशाल झाडीत टाका, सहसा अडकत नाही.

बाकी क्रँकबेट, स्पिनरबेट, जिग ही आमिषं, बोट हे सगळं नंतर. दुकानातली ती रंगीत भिंत बघून पाकीट उघडू नका, इतकंच.

अटलांटाकर

मस्त धागा. वाखू (वाचनखूण) साठवली.

पण बेटकास्टिंग रीलला (ज्यात दोरीचा स्पूल, म्हणजे फिरकी, फेकताना स्वतः फिरतो) इतकं लांब का ठेवता? जड दोरी आणि जड जिग घेऊन झाडीतून मासा ओढून काढायचा तर स्पिनिंग रील कमी पडतं. लोक घाबरतात ते बॅकलॅशला. ल्यूर हवेत हळू होतो, स्पूल मात्र त्याच वेगात फिरत राहतो आणि दोरीचा गुंता होतो. त्यावर इलाज सोपा आहे. ल्यूर बांधून रॉड आडवा धरा, बटण दाबा आणि बाजूची टेन्शनची कळ अशी लावा की ल्यूर सावकाश उतरेल आणि जमिनीला टेकला की स्पूलही थांबेल. ब्रेक सुरुवातीला पूर्ण वर. फेकताना अंगठा स्पूलवर तरंगता ठेवा आणि ल्यूर पाण्याला लागायच्या क्षणाला दाबा. ल्यूर बदलला की कळ पुन्हा लावायची, हेच बहुतेक जण विसरतात. आणि वाऱ्याविरुद्ध फेकत शिकू नका.

खवचट_खवय्या

एक भाबडी शंका. तासन्‌तास उभं राहायचं, मासा ओढायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. खायचा नाही तर त्या बिचाऱ्याच्या ओठात गरी घालायचीच कशाला? आमच्याकडे याला रिकामपणचा उद्योग म्हणतात.

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

तंगूस

@खवचट_खवय्या, या, तुमचीच वाट बघत होतो.

सोडायची ही पद्धत पुष्कळशी टुर्नामेंटमुळे रुजली. रे स्कॉट नावाचा अलाबामातला एक विमा एजंट. त्यानं 1967 साली आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर स्पर्धा भरवली. 106 जण आले, प्रत्येकाकडून 100 डॉलर घेतले. पुढच्या वर्षी त्यानं बी.ए.एस.एस. ही संघटना काढली. 1971 मध्ये तिची पहिली क्लासिक, म्हणजे मुख्य स्पर्धा, झाली, तेव्हा स्पर्धकांना विमानात बसवलं आणि विमान वर गेल्यावर सांगितलं की तळं कोणतं. ते निघालं नेवाडातलं लेक मीड. हेतू हा की आधी जाऊन जागा हेरून ठेवायची कोणाला संधी मिळू नये. बॉबी मरे जिंकला, बक्षीस 10,000 डॉलर. आज त्याच क्लासिकच्या विजेत्याला तीन लाख मिळतात.

त्या काळात काठावर मेलेल्या माशांच्या माळा टांगून फोटो काढायचे. गावोगावचे लोक चिडायला लागले, की हे बाहेरून येतात आणि आमचं तळं उपसून नेतात. स्कॉट हा पक्का धंदेवाला माणूस, त्याला वारा कुठून वाहतोय ते कळलं. 1972 पासून त्यानं मासे जिवंत आणून सोडायचा नियम सुरू केला. बोटीत हवा खेळवलेल्या पाण्याच्या टाक्या, म्हणजे लाइव्हवेल, आवश्यक झाल्या. मेलेला मासा आणला तर वजनातून दंड. म्हणजे हे प्रकरण भूतदयेतून कमी आणि तळी व धंदा दोन्ही टिकवण्यातून जास्त आलं, असं माझं मत. पण उपयोग झालाच.

लेक फोर्कवर तर सरकारी नियमच आहे. 16 ते 24 इंचांमधला बास तिथल्या तिथे सोडायचा. त्याहून लहान खायला न्या, त्याहून मोठा दिवसाला एक. त्यामुळे मधल्या वयाचे मासे वाढत राहतात. टेक्ससचा विक्रमी बास, 18.18 पौंडांचा, 1992 च्या जानेवारीत याच तळ्यात लागला. त्याआधी 1986 मध्ये इथेच 17.67 पौंडांची मादी सापडली होती, ती राज्याच्या प्रजनन कार्यक्रमातली पहिली. 13 पौंडांवरची मादी लागली की मत्स्यखात्याला फोन करायचा, ते टँकर घेऊन येतात, अंडी मिळवतात, पिल्लं परत राज्यातल्या तळ्यांत सोडतात.

आणि खायला मनाई नाही हो. लहान बासचं तिखलं मी स्वतः करतो. मोठा मात्र खाऊ नये. शिकारी मासा जितका जुना तितका त्याच्यात पारा जास्त, आणि पूर्व टेक्ससातल्या काही तळ्यांबाबत तसे इशारेही आहेत.

अटलांटाकर

@खवचट_खवय्या, तुमच्या बाजूनं एक पुरावा देतो. जगातल्या सर्वात मोठ्या बासचं काय झालं माहितेय? 2 जून 1932, जॉर्जियातलं मॉन्टगोमरी लेक. जॉर्ज पेरी नावाचा विशीतला शेतकरी पोरगा, मंदीचे दिवस. 22 पौंड 4 औंसांचा मासा. हेलेना गावात वजन केलं आणि घरी नेऊन कुटुंबानं खाल्ला. मासिकाच्या स्पर्धेत नोंद झाली म्हणून जगाला कळलं. पेंढा भरून ठेवायची चैन त्या घराला परवडण्यासारखी नव्हती.

खवचट_खवय्या

शाब्बास रे पेरी! हा खरा मराठी माणूस.

बिवाकाठ

पेरीचा विषय निघालाच आहे तर इकडची बाजू. मी क्योतोजवळ राहतो. 2 जुलै 2009 ला आमच्या बिवा तळ्यात मानाबू कुरिता यांना 10.12 किलोचा बास लागला, म्हणजे 22 पौंड 4.97 औंस. पेरीपेक्षा जास्त, पण आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे जुना विक्रम मोडायला किमान दोन औंस जास्त हवेत. त्यामुळे बरोबरी. त्यांनी आमिष म्हणून जिवंत ब्लूगिल लावला होता. विक्रम मान्य करायच्या आधी त्यांची खोटं पकडणाऱ्या यंत्रावर तपासणीही झाली.

गंमत पुढेच आहे. तंगूस म्हणतात सोडा, आमच्याकडे सोडणं हाच गुन्हा. बास जपानचा नाही. 1925 साली हाकोनेजवळच्या आशिनोको तळ्यात तो अमेरिकेतून आणून सोडला आणि पुढे लोकांनी हौसेनं जागोजागी नेऊन टाकला. इथले लहान मासे आणि कोळंबी त्यानं फस्त केली. म्हणून बिवा ज्या शिगा प्रांतात आहे तिथे 2003 पासून पकडलेला बास परत सोडायला बंदी आहे. काठावर मोठ्या पेट्या ठेवल्यात, मासा त्यात टाकायचा. राष्ट्रीय कायद्यानं जिवंत बास एका तळ्यातून दुसरीकडे नेताही येत नाही. उन्हाळ्यात त्या पेटीजवळून जाताना नाक दाबावं लागतं.

बास गरवणारे जपानी लोक या नियमावर नाराज आहेत, कोळी खूश आहेत. मी दोघांचं ऐकतो आणि पेटीत टाकतो.

शुभदा_ऑस्टिन

मला वेगळंच विचारायचं आहे. माझा मुलगा नववीत आहे, शाळेच्या बास फिशिंग टीममध्ये गेलाय. आमच्या घरात कोणी गळ हातात धरलेला नाही. शाळेत फुटबॉल असतं, बँड असतो, हे माहीत होतं, मासेमारीची टीम असते हे नव्हतं! बोट ताशी 60-70 मैलांनी जाते म्हणतो. मला त्याचीच भीती वाटते. कोणी अनुभवी सांगाल का काय बघायचं?

मिशिगनमामा

शुभदाताई, भीती रास्त आहे, पण व्यवस्था चांगली असते. शाळेच्या स्पर्धेत साधारण दोन मुलं आणि एक मोठा माणूस बोट चालवायला, असं असतं. तो मोठा माणूस स्पर्धेत मासा धरत नाही. तुम्ही तीन गोष्टी तपासा. मोठं इंजिन चालू असेपर्यंत सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट. चालवणाऱ्याच्या जॅकेटला किल स्विचची (तो जागेवरून पडला तर इंजिन बंद करणारी) दोरी अडकवलेली. 26 फुटांखालच्या बोटींना 2021 च्या एप्रिलपासून केंद्राचाच तसा कायदा आहे. आणि वीज चमकली की काठ, मग मासा लागो न लागो. बोट चालवणाऱ्याला एकदा घरी चहाला बोलवा. माणूस कसा आहे ते अर्ध्या तासात कळतं.

खर्चाचं म्हणाल तर लाइफ जॅकेट सोडून बाकी सगळं हळूहळू घ्या. मुलं एकमेकांची बघून पन्नास ल्यूर मागतात.

स्पर्धेचं गणित त्याला विचारा, छान सांगेल. पाच माशांची मर्यादा. पाच झाले की सहावा मोठा लागला तर सगळ्यात लहान सोडायचा, त्याला कलिंग म्हणतात. शेवटी पाचांचं एकूण वजन. उशिरा पोचलात तर बी.ए.एस.एस.च्या स्पर्धेत मिनिटाला एक पौंड दंड. मी आमच्या क्लबात बघितलंय, दोन मिनिटांनी पहिला नंबर जातो आणि घरी जाताना कोणी कोणाशी बोलत नाही.

आणि मासे सांभाळणं हे खरं कौशल्य. उन्हाळ्यात लाइव्हवेलचं पाणी तापतं, गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो, आणि वजनाच्या वेळी ठणठणीत दिसलेला मासा सोडल्यावर एक-दोन दिवसांत मरतो. म्हणून बाटलीतला बर्फ टाकून पाणी थोडं गार ठेवायचं, पंप सतत चालू. खोल पाण्यातून वर काढलेल्या बासचा वाताशय फुगतो आणि तो उलटा तरंगतो. जाणकार सुईनं ती हवा काढतात, नवख्यानं ते करू नये. मोठा मासा नुसता जबड्याला धरून आडवा करायचा नाही, दुसरा हात पोटाखाली हवा, नाहीतर जबडा निखळतो.

शुभदा_ऑस्टिन

मामा, खूप आभार. चहाची कल्पना आवडली. किल स्विच कशाला म्हणतात ते आज कळलं, मुलाला विचारलं तर म्हणे "आई, ते सगळ्यांना माहीत असतं".

अटलांटाकर

शुभदाताई, मुलाला करिअर करायचं असेल तर अजून एक उदाहरण द्या. रिक क्लन. ह्यूस्टनमध्ये एक्सॉनमध्ये संगणकावर काम करत होता. ते सोडून पूर्णवेळ बासच्या मागे लागला. चार वेळा क्लासिक जिंकला: 1976, 1977, 1984, 1990. आणि 2019 मध्ये फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीवर वयाच्या 72 व्या वर्षी बी.ए.एस.एस.ची वरच्या पातळीची एलीट स्पर्धा जिंकला. इथल्या आयटीवाल्यांनी नोंद घ्यावी.

तंगूस

आणि ताकाहिरो ओमोरी. इंग्रजीचा पत्ता नाही, तरुणपणी जपानहून थेट टेक्ससात आला, गाडीत राहून स्पर्धा खेळला आणि 2004 ला लेक वायलीवर क्लासिक जिंकला. शेवटच्या काही मिनिटांत लागलेल्या माशांवर. चार क्लासिकचा मान क्लनखेरीज केव्हिन व्हॅनडॅमलाच आहे, पण मला ओमोरी जास्त भावतो.

मिशिगनमामा

व्हॅनडॅम आमच्या कॅलमझूचा, त्याच्याविरुद्ध एक शब्द ऐकून घेणार नाही. :)

विषय निघालाय तर लाइव्ह सोनारबद्दल (आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राबद्दल) काय म्हणता? गार्मिनचं लाइव्हस्कोप 2018 ला आलं आणि खेळच पालटला. पूर्वी सोनारवर बोटीखालून काय गेलं तेवढं दिसायचं. आता समोरचा मासा, तुमचा ल्यूर, मासा त्याच्याकडे वळला की नाही, सगळं पडद्यावर चालू असताना दिसतं. पोरं दिवसभर पडद्यात डोकं घालून एकेका माशाला हेरून मारतात. माझ्या मते हा गरवायचा खेळ राहिलाच नाही. काठ वाचणं, वारा बघणं, पाण्याचा रंग बघून आमिष ठरवणं, हे शिकायची गरजच संपली.

अटलांटाकर

मामा, असहमत. मासा दिसणं आणि मासा लागणं यात फरक आहे. पडद्यावर वीस दिसतात आणि विसाच्या वीस ल्यूरपर्यंत येऊन तोंड फिरवतात. साधं सोनार आलं तेव्हाही हेच बोलले होते लोक.

मिशिगनमामा

साधं सोनार आलं तेव्हा मी पण बोललो असतो. मेजर लीग फिशिंग या स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेनं 2025 मध्ये मोठ्या स्पर्धांत दिवसाच्या तीन सत्रांपैकी एकातच ते वापरायची मुभा ठेवली, ती उगाच नाही. त्यांची पद्धतही मला आवडते: मासा बोटीतच तोलायचा आणि लगेच सोडायचा, दिवसभर टाकीत कोंडायचा नाही.

खवचट_खवय्या

आणि बोटीत तोलताना कोणी लबाडी केली तर?

मिशिगनमामा

बोटीत पंच बसलेला असतो. उलट काठावर तोलतानाच मोठी लबाडी उघडी पडली होती. 2022 च्या सप्टेंबरात क्लीव्हलँडला, एरी सरोवरावर. ती वॉलाय नावाच्या माशाची स्पर्धा होती, बासची नाही. पहिल्या नंबरचे मासे दिसायला बेताचे आणि काट्यावर भलतेच जड. स्पर्धेच्या प्रमुखानं सगळ्यांसमोर पोट फाडलं तर आत शिशाचे गोळे आणि दुसऱ्या माशांचे काप. लोक दोघांच्या अंगावर धावून गेले. खटला झाला, दोघांना दहा दिवस तुरुंग, बोट जप्त, मासेमारीचे परवाने निलंबित. बक्षीस जेमतेम 29 हजार डॉलरच्या आसपास होतं.

मरळमित्र

सोलापूरहून वाचतोय. आमच्याकडे बास नाही, आणि बिवावाल्यांचं वाचून तो नसलेलाच बरा. आधीच तिलापिया आणि बंदी असूनही फिरणारा थाई मांगूर पुरे झाला. कोणी "गंमत म्हणून" बाहेरचे मासे तळ्यात सोडत असेल तर हात जोडून सांगा.

पण बासच्या युक्त्या मरळीला तंतोतंत लागू पडतात. मरळ पण गवतात दबा धरते आणि पाण्यावरच्या हालचालीवर झडप घालते. पावसाळ्यात पिल्लांचा लालसर घोळका पाण्यावर बुडबुडतो, खाली आई-बाप राखण करत असतात. तिथे बेडूक टाकला की झडप ठरलेलीच. पण तो मासा नेला की पिल्लं दुसऱ्या माशांच्या तोंडी. आमच्या ग्रूपमध्ये पिल्लांवरची मरळ मारली तर फोटोसुद्धा टाकू देत नाही.

नवीन लोकांसाठी: बहुतेक तलावांचा मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमार संस्थेकडे असतो. आधी त्यांना विचारा. रॉड बघून लोक पाहुणचार करतात, न विचारता बसलात तर रॉडसकट हाकलतात.

तंगूस

मरळमित्र, अगदी. बासचंही तसंच. पाणी 16 ते 20 अंश सेल्सियसच्या आसपास आलं की नर उथळ जागी शेपटीनं तळ साफ करून घरटं करतो आणि अंडी-पिल्लं राखतो. त्या वेळी तो भुकेनं नाही, रागानं चावतो. घरट्यावरचा बास धरावा की नाही यावर इथे दर वसंतात भांडणं होतात. माझं म्हणणं, धरलात तर तिथेच, लगेच सोडा.

मरळमित्र

एक तांत्रिक प्रश्न. पोकळ रबरी बेडकावर झडप येते, पाणी उडतं, मी ओढतो आणि बेडूक रिकामा हवेत येतो. दोरी 50 पौंडी ब्रेड आहे, रॉड हेवी आहे. कुठे बिघडतंय?

तंगूस

सामान बरोबर आहे. पाणी उडताना ओढू नका. तेव्हा मासा बेडकाला नुसता धक्का देत असतो किंवा गवतासकट तोंडात घेत असतो. रॉडचा शेंडा खाली ठेवा, दोरी सरकून वजन हाताला लागू द्या, मग दोन्ही हातांनी वर ओढा. वजन लागलं नाही तर ओढूच नका, बेडूक तिथेच ठेवून एकदा हलवा, बरेचदा पुन्हा येतो.

शिवाय नवीन बेडकाच्या दोन्ही गऱ्या अंगाला फार चिकटलेल्या असतात, पकडीनं किंचित वर आणि बाहेर वाकवा. रबरी पाय लांब असतील तर एक पाय दुसऱ्यापेक्षा बोटभर आखूड कापा, म्हणजे ओढताना तो डावी-उजवीकडे डुलत येतो. पोटात पाणी भरलं की पिळून काढा, नाहीतर बुडतो. मरळीचं तोंड बासपेक्षा टणक, त्यामुळे गऱ्यांना धार लावून ठेवा.

@शुभदा_ऑस्टिन, राहिलंच. तुमचा मुलगा 17 वर्षांखालचा असेल तर टेक्ससात त्याला परवाना लागत नाही, तुम्हाला लागेल. आणि टेक्ससच्या स्टेट पार्कच्या काठावरून गरवायला तर कोणालाच लागत नाही, फक्त पार्कचं प्रवेशशुल्क. रॉड शाळेचा आणायला सांगा.

शुभदा_ऑस्टिन

सांगते. पण गांडूळ प्लॅस्टिकचाच ना नक्की?